चैत्रातल्या जत्रा, पाहुणे आणि न वाचलेल्या अंकांचा ढीग : तुम्ही कसं जमवता?

फोडणीची_भाकरी :
मंडळी, दरवर्षीचंच दुखणं आहे पण यंदा टाकतोच इथं. दिवाळीत हौसेनं अंक घेतो, एखादा वाचून होतो, बाकीचे टीपॉयच्या खालच्या फळीवर जातात. मग लग्नं सुरू, जानेवारीत सिद्धेश्वराची गड्डा यात्रा, आणि मी पडलो अकाउंट्सवाला माणूस, त्यामुळं मार्चएंडपर्यंत डोकं वर काढायची सोय नाय. मनात एकच असतं की एकदा हे सगळं उरकू दे मग निवांत बसू. कशाचं निवांत! पाडव्याच्या दुसऱ्याच दिवशी अक्कलकोटला स्वामींचा प्रकट दिन, म्हणजे पुण्या-मुंबईची मंडळी आमच्याकडं मुक्कामाला कारण आमचं घर सोलापूर स्टेशनजवळ, ती गेली की चैत्री एकादशीला आईला घेऊन पंढरपूर, मग बायकोच्या माहेरची जत्रा, मग पोरांची परीक्षा संपली की मेव्हण्याकडं पुण्याला. मला कंटाळा नाही हं या सगळ्याचा, माणसं आवडतात मला. पण प्रत्येक वेळी बॅगेत तळाला दोन अंक टाकतो आणि वर शेंगाचटणीचे पुडे, आणि ते अंक जसेच्या तसे परत येतात, फक्त कव्हरवर तेलाचा डाग वाढलेला.

तर दोन गोष्टी विचारायच्यात. एक, प्रवास आणि पाहुणे यांच्यात वाचन कसं बसवता? आणि दुसरी जरा नाजूक, सासुरवाडीला पुस्तक उघडून बसलं तर बरं दिसतं का?

(काय वाचावं याचा धागा वेगळा आहे, इथं पुस्तकांची नावं नकोत, नाहीतर गाडी कुर्डुवाडीलाच थांबते.)

हुतात्माचा_पासवाला :
पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोप्पंय, रेल्वे. पुण्याला गाडी घेऊन जाऊच नका, स्टेअरिंगवर बसलेला माणूस काय वाचणार? सकाळची सोलापूर-पुणे हुतात्मा एक्स्प्रेस पकडा. माझं ठरलेलं आहे, मोहोळपर्यंत काही उघडायचं नाही कारण तोवर सामान लावणं, सीटवरनं वाद, चहा, कुणीतरी ओळखीचा भेटतोच. कुर्डुवाडी सुटली की डबा झोपतो. तिथनं पुढं जी शांतता मिळते ती घरी रात्री अकरालासुद्धा मिळत नाही. भिगवणच्या आसपास पुस्तक मिटायचं आणि उजनीच्या पाण्याकडं बघायचं, फ्लेमिंगो बघायला लोक मुद्दाम गाड्या करून येतात तिथं. दौंडनंतर परत वाचन. जाताना निम्मा अंक आरामात होतो. संध्याकाळच्या परतीच्या गाडीचं मात्र सांगू नका, पासवाल्यांचे पत्ते चालू असतात आणि मी पण त्यातलाच एक आहे.

वंदे भारत फेब्रुवारी २०२३ पासून झाली, ती झकास आहे, लाइट चांगला, धक्के कमी, पण फॅमिलीचं तिकीट काढून बघा म्हणजे वाचायचा मूड जातो.

जुळे_सोलापूरकर :
आणि पोरं? पोरं बरोबर असली की कुर्डुवाडीनंतरची शांतता कुठली ओ. "पप्पा भिगवण कधी येतंय" हे दर पाच मिनिटाला.

हुतात्माचा_पासवाला :
पोरांना खिडकी द्या आणि हुतात्मा नाव कशावरनं पडलं ते सांगायला लागा. धनशेट्टी, कुर्बान हुसेन, शिंदे, सारडा, १९३० चा मार्शल लॉ, १२ जानेवारी १९३१ ला चौघांना फाशी. सोलापूरच्या पोरांना एवढं माहीत पाहिजेच. शिवाय दहा मिनिटात ती झोपतात हा अनुभव आहे.

लालपरी_झिंदाबाद :
रेल्वे सगळीकडं जात नाही भाऊ. आमचे सगळे पाहुणे सांगोला, करमाळा, बार्शी असे एसटीच्या रस्त्यावर. आणि एसटीत वाचायचं म्हणजे दोन पानात मळमळ. डॉक्टर भाच्यानं सांगितलं की डोळे पानावर स्थिर असतात पण कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग म्हणतो आपण हलायलोय, दोघांचं भांडण लागतं आणि त्रास पोटाला. म्हणून मी बसमध्ये ऐकतो. हेडफोन घालून मराठी ऑडिओबुक, मान खिडकीकडं. ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसलं तर हॉर्नमुळं निम्मं ऐकू येत नाही तेवढं फक्त बघा.

एक गंमत म्हणजे मार्च २०२३ ला महिलांना एसटीत अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून आमच्या घरच्या बायका जत्रांना आम्हाला सोडून जायलेत. पंच्याहत्तरी झालेल्या आईला तर फुकटच. त्यांचं फिरणं वाढलं आणि घर रिकामं राहिल्यामुळं माझं वाचन वाढलं. सरकारनं हा फायदा कुठं लिहिलेला नाही.

माहेरवाशीण :
वरचं वाचून हसले पण आता जरा दुसऱ्या प्रश्नाकडं येऊ कारण खरी अडचण तिथं आहे आणि सगळे पुरुष त्याला वळसा घालून रेल्वे नि एसटी करायलेत.

माझं सासर बार्शीकडं, एकत्र घर, सणाला वीसेक माणूस सहज. तिथं सकाळी सासरे, दीर, नंदावे सगळे ओसरीवर पेपर घेऊन बसतात, एकच पेपर, त्याची पानं वेगळी करून वाटून घेतात, अग्रलेखापासून निविदा-नोटिसांपर्यंत सगळं वाचतात, तासभर आरामात, मध्ये दोनदा चहा. त्याला कुणी वाचन म्हणत नाही, "पेपर बघायलेत" म्हणतात. आणि मी दुपारी सगळं आवरून, भांडी पालथी घालून, माजघरात कादंबरी घेऊन टेकले की लगेच, "बरं नाही का गं?" दुसऱ्या दिवशी परत घेतली की "कुठली परीक्षा देतीयस का?" तिसऱ्या दिवशी कुणी काही विचारत नाही पण मिरच्या निवडायला आणून ठेवतात शेजारी. वेळ नसतो असं नाहीये, दुपारी दोन ते चार सगळं घर आडवं झालेलं असतं. बाईनं बसून स्वतःच्या आनंदासाठी काही करावं हेच बघवत नाही. झोपले तर चालतं! झोपलेल्या सुनेला कुणी उठवत नाही, वाचणाऱ्या सुनेला काम सुचवतात.

तेव्हा भाकरीभाऊ, सासुरवाडीला जावई पुस्तक घेऊन बसला तर "जावईबापू अभ्यासू आहेत" म्हणतील, तुम्ही बिनधास्त बसा. आणि जाताना एवढं बघा की तुमची बायको माहेरी असताना तरी तिच्या हातात पुस्तक येतंय का.

शेंगापोळी :
+१००. आमच्याकडं वर हे पण, हॉलमध्ये आठ माणसं मोबाईलवर रील बघत बसलेली, आवाज मोठा करून, त्याला सगळे "गप्पा मारायलोय" म्हणतात. मी पुस्तक काढलं की "आल्यापासून पुस्तकात तोंड घालून बसलीय, माणसात ये की".

निवृत्त_मास्तर :
वरील भगिनींचे म्हणणे शंभर टक्के खरे. मी त्यात भर घालतो. आमच्या आई रोज सकाळी पोथी वाचायच्या आणि त्या वेळी घरात कुणी मोठ्याने बोलतसुद्धा नसे. म्हणजे बाईच्या वाचनाला घराचा विरोध नव्हता, पुण्य मिळत असेल तर चालत होते, करमणूक असेल तर नाही. मी शिक्षक असून मला हे फार उशिरा दिसले.

भाकरीसाहेबांना एक व्यावहारिक सूचना. पाहुण्यांच्या गावात वाचनालय आहे का ते विचारा. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यामुळे आपल्याकडे गावोगावी अनुदानित सार्वजनिक वाचनालये झाली, अ ब क ड असे वर्ग असतात, ड वर्गाचे म्हणजे एखाद-दोन खोल्या, चार कपाटे, वर्तमानपत्रांचे टेबल. मी जत्रेला गेलो की सकाळी देवदर्शन उरकून तिथे जाऊन बसतो. घरात असून न बोलणारा माणूस खटकतो, गावात फेरफटका मारायला गेलेला कुणालाच खटकत नाही. शिवाय ग्रंथपाल खूष होतो, त्याच्याकडे दिवसभर फक्त पेपरवाले येतात.

फोडणीची_भाकरी :
मास्तर हे भारी आहे. माहेरवाशीणताई, तुमची पोस्ट बायकोला वाचून दाखवली. ती म्हणाली या बाईंना भेटायचंय. मग म्हणाली पुण्याच्या बॅगेत यंदा अंक मी भरणार, तुम्ही चटणी भरा.

पूर्वभागातला :
आमच्याकडं वेगळाच घोळ. आम्ही तेलुगू, पाडव्याला उगादी. हैदराबाद, वरंगलकडचे पाहुणे येणार. आज्जीला फक्त तेलुगू, पाहुण्यांना मराठी वाचता येत नाही, त्यांच्या पोरांना तेलुगूच वाचता येत नाही, आणि माझं सगळं वाचन मराठीत कारण शाळा मराठी. म्हणजे मी काय वाचायलोय हे घरात कुणाला कळतच नाय, एका अर्थी बरंय बे.

पण वाचून दाखवायची पद्धत आमच्यात आहे. उगादीला पचडी (कडुनिंबाची फुलं, कैरी, चिंच, गूळ, मीठ, तिखट, सगळं एकत्र) खाल्ली की पंचांग श्रवण असतं. एकजण नवीन वर्षाचं पंचांग मोठ्यानं वाचणार, पाऊस किती, कुठल्या राशीला खर्च किती, आणि सगळे ऐकत बसणार. आज्जीच्या राशीला दरवर्षी खर्च जास्त निघतो आणि ती दरवर्षी त्या वाचणाऱ्यावरच चिडते. त्याच बैठकीत मी मागच्या वर्षी एक विनोदी लेख घुसवला, मराठीतनं तेलुगूत जमेल तसं सांगत सांगत. बरा चालला. निम्मे विनोद वाटेतच मेले पण लोकं उठून गेली नाहीत.

मंगळवेढ्याची :
हे वाचून दाखवायचं मी सांगणारच होते, पूर्वभागवाल्यांनी विषय काढलाच आहे तर लिहिते सविस्तर.

माझं माहेर मंगळवेढ्याजवळ. पाडव्यानंतर आम्ही बहिणी जातो तेव्हा ज्वारीची काढणी-मळणी उरकलेली असते, कडब्याच्या गंजी लागलेल्या, ऊन मी म्हणत असतं, आणि घरात उन्हाळी कामं निघतात. कुरडयांचे गहू तीन दिवस भिजत घालून, चीक काढून, नितळून ठेवलेला असतो, पहाटे उठून तो शिजवायचा, दोघींनी हाटायचा कारण गुठळी झाली की संपलं, पोरं वाट्या घेऊन चुलीपाशी हजर, मग ऊन चढायच्या आत गच्चीवर सोऱ्या फिरवायचा. हे झालं की दुपारी खाली सोप्यात उडदाचे पापड. आता पापड लाटायला सहा बायका बसल्या की गप्पा त्याच त्याच, कुणाचं लग्न जमेना, कुणाच्या सुनेचं काय.

दोन वर्षांपूर्वी माझं मनगट दुखत होतं म्हणून मला लाटायला बसवलं नाही, नुसती बसू काय म्हणून दिवाळी अंक काढला, तर मोठी मावशी म्हणाली मनात काय वाचतीस, मोठ्यानं वाच की आम्हाला पण. शेताच्या वाटणीची एक लांबलचक कथा होती, दोन भाऊ आणि एक बहीण. बाई काय सांगू, दुसऱ्या पानापासनं मावशी पेटली. "सातबारा कुणाच्या नावावर हाय ते आधी बघ की, तो लिहिणारा ते सांगंना!" तिचा स्वतःचा वाद कोर्टात वीसेक वर्षं रेंगाळला होता त्यामुळं तिला कायदा आमच्यापेक्षा जास्त कळतो. लेखकानं बहिणीला हक्कसोडपत्रावर सही करायला लावली तिथं एका काकूंनी लाटणं खाली ठेवलं. म्हणाल्या मी पण केलीय सही, भावानं साडी दिली होती. सगळ्या गप्प. मग मावशी म्हणाली वाच पुढं. लाइट गेली तरी वाचलं, दाराच्या उजेडाला सरकून. शेवट कुणालाच पटला नाही, त्यावर संध्याकाळपर्यंत भांडण चालू होतं, आणि त्या नादात पापड नेहमीपेक्षा लवकर उरकले.

तेव्हापासून वाचणारीला लाटण्यापासून सुट्टी असा नियमच झालाय. आळीपाळीनं वाचतो. एक सांगते, वाचून दाखवायला कथा निवडताना संवाद जास्त असलेली घ्यावी, निसर्गवर्णन आलं की मावशी म्हणते "हे पळव पुढं".

माहेरवाशीण :
काकूंचं वाचून अंगावर काटा आला.

बारा_महिने_बिझी :
मी जरा उलटं बोलतो, चालेल ना. वर्षातनं एकदा भेटणारी माणसं, त्यांच्यातले म्हातारे पुढच्या वर्षी असतील की नाही माहीत नाही, तिथं जाऊन पुस्तक कशाला काढायचं? अंक काय पळून जातोय का? माझे आजोबा गिरणीत होते, त्यांच्याकडं अख्ख्या गिरणगावाच्या गोष्टी होत्या. मी सुट्टीत त्यांच्या शेजारी बसून रहस्यकथा वाचायचो. आता त्या रहस्यकथा सगळ्या मिळतात, आजोबांच्या गोष्टी मिळत नाहीत. ज्याला वाचायचंय तो सोलापुरात असताना टीव्ही बंद करून वाचतो, प्रवासाची वाट बघत नाही.

निवृत्त_मास्तर :
मुद्दा रास्त आहे. परंतु मंगळवेढ्याच्या ताईंच्या काकूंची गोष्ट पुस्तकामुळेच बाहेर आली, नाहीतर ती तशीच राहिली असती, हेही पाहावे.

बारा_महिने_बिझी :
हो ते मान्य. ते माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

शेंगापोळी :
ज्यांना सगळ्यांनाच खूष ठेवायचंय त्यांनी फॅमिली ट्रिपचं ठिकाणच तसं निवडा. आम्ही मागं एप्रिलमध्ये भिलारला गेलो, पाचगणी-महाबळेश्वरच्या रस्त्यावरचं पुस्तकांचं गाव, मे २०१७ मध्ये सुरू झालं. गावातल्या लोकांच्या घरातच पुस्तकं मांडलेली, एका घरात कादंबऱ्या, दुसरीकडं इतिहास, कुठं बालसाहित्य, जाऊन बसा आणि फुकट वाचा. सासूबाई आणि नवरा पॉइंट बघायला, पोरं स्ट्रॉबेरीच्या मागं, मी एका घराच्या पडवीत खुर्ची टाकून दीड तास. आणि मुख्य म्हणजे तिथं वाचत बसलं की कुणी "बरं नाही का" विचारत नाही, तिथं न वाचणाराच अवघडतो. हवेचं तर बोलायलाच नको, आपल्याकडं तेव्हा चाळीसच्या वर गेलेलं असतं.

जुळे_सोलापूरकर :
भिलार लांब पडतं ओ एका दिवसात. जवळचं सांगा काहीतरी.

निवृत्त_मास्तर :
जवळचे म्हणजे हत्तरसंग कुडल. दक्षिण सोलापुरात, भीमा आणि सीनेचा संगम. संगमेश्वराच्या मंदिरात मराठीतल्या सर्वांत जुन्या शिलालेखांपैकी एक आहे, शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८. आपल्या सोलापूरचे अभ्यासक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. त्यात शेवटी "वाछि तो विजेया होईवा" असे म्हटले आहे, जो वाचील तो विजयी होईल. तिथेच शेजारी हरिहरेश्वराच्या मंदिरात ३५९ मुखे कोरलेले शिवलिंग आहे, मुले ती मोजायला लागतात आणि मोठ्यांना निवांतपणा मिळतो. दगडी मंडपात भर दुपारीही गार असते. मी तिथे खांबाला टेकून अख्खा अंक वाचलेला आहे.

फोडणीची_भाकरी :
काय सांगता मास्तर! हजार वर्षांपूर्वीच आपल्या बाजूनं निकाल लागलाय आणि मी सासुरवाडीला घाबरायलोय. पाहुणे आहेतच घरात, अक्कलकोट झालं की त्यांना कुडलला नेतो.

हुतात्माचा_पासवाला :
न्या पण सकाळी सातला सोलापूर सोडा, अकरानंतर नदीच्या वाळूत पाय ठेववत नाही. जेवायला तिथं काही मिळेल या भरवशावर राहू नका, कडक भाकरी, चटणी, दही, कांदा घेऊन जा. आणि पाणी भरपूर.

लालपरी_झिंदाबाद :
मी पण येतो. रविवार असेल तर सांगा.

पूर्वभागातला :
माझ्या गाडीत तीन सीट रिकाम्या आहेत. पण पुढच्या सीटवर वाचणारा माणूस नको बे, मला गाडी चालवताना झोप येते, तिथं बडबड करणारा पायजे.

लालपरी_झिंदाबाद :
मग ती सीट माझी.